बंदोबस्ताचा कॅट

माझ्या सासूबाईंनी मला इतक्या वर्षांत एकदाच औषध नाकारलं, आणि तेही पत्त्यांत.

एरवी औषधाच्या बाबतीत त्या उदार आहेत. मी नुसती शिंकले तरी आलं घातलेला काढा घेऊन उभ्या राहतात, आणि तो पोटात जाईपर्यंत समोरून हलत नाहीत. त्यामुळे त्या रविवारी दुपारी, रहाटणीच्या आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली मी राक्षसांच्या मारानं अर्धमेली झालेली असताना, त्यांनी हातातलं औषधाचं पान माझ्या नाकासमोरून नेऊन माझ्या जावेपुढे ठेवलं, तेव्हा मला ते फार लागलं. राक्षसांचं लागलं होतं त्याहून जास्त.

"आई, तिला नुसतं खरचटलंय. मी मरायला टेकलेय," मी म्हणाले.

"तुला सवय हाय गं," सासूबाई म्हणाल्या. "ते लेकरू नाजूक हाय."

लेकरू म्हणजे माझी जाऊ प्रज्ञा. रोज सकाळी पळायला जाते, रविवारी बॅडमिंटन खेळते, आणि पाण्याचा भरलेला जार एका हातानं उचलून उपडा करते. (तो जार मी आणि माझा नवरा दोघं मिळून उचलतो, आणि मग थोडा वेळ बसतो.)

खेळ आणला होता माझ्या दिरानं, निलेशनं. खेळाचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की आमच्या घरात त्याला नुसतं 'राक्षस' म्हणायचे. 'आज राक्षस खेळायला येताय ना?' असं मी फोनवर विचारायचे तेव्हा बसमधले लोक वळून बघायचे.

या खेळात एकमेकांशी लढायचं नसतं, हे निलेशनं सुरुवातीलाच समजावलं होतं. खेळणारे सगळे एकाच बाजूला. मध्ये एक गाव. वेगळ्या गठ्ठ्यातून राक्षसांची पानं निघत राहतात आणि गावाकडे सरकत राहतात. प्रत्येकानं शेकडो पानांतून आपल्याला हवी ती निवडून स्वतःचा कॅट लावायचा आणि त्यातून एकेक पान खेळायचं. सूर्याची एक सोंगटी असते, ती प्रत्येक फेरीला एक घर पुढे जाते. ती मावळतीला पोचायच्या आत सगळ्यांत मोठा राक्षस मेला, तर सगळे जिंकले. नाही मेला, तर सगळे हरले.

"म्हणजे भांडणं व्हायचा प्रश्नच नाही," निलेश म्हणाला होता.

निलेश चांगला मुलगा आहे. लग्नाआधी त्याला घरातलं फारसं काही कळायचं नाही. लग्नानंतर तेही कमी झालं.

त्यानं स्वतः ढाली आणि तटबंदीची पानं घेतली होती. सासूबाईंनी सगळी औषधं उचलली. प्रज्ञानं तलवारी, आगीचे गोळे आणि विजा घेतल्या. मी तेव्हा चहा टाकायला गेले होते, म्हणून मला उरलेलं मिळालं. दोन बोथट भाले, एक घोडा, एक रात्रीचा पहारेकरी आणि 'शेतकऱ्यांची एकजूट' नावाचं एक पान, ज्याचा उपयोग शेवटपर्यंत कुणालाच कळला नाही.

प्रज्ञानं त्या दिवशी एका विजेत चार राक्षस लोळवले. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! माझी मुलगी स्नेहसंमेलनात नाचली तेव्हाही त्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. संध्याकाळी परभणीच्या बहिणीला फोन लावून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ऐकत होते. धाकटीनं असं मारलं, धाकटीनं तसं जाळलं. मग पलीकडून बहुतेक माझी चौकशी झाली असावी, कारण सासूबाई थोडं थांबून म्हणाल्या, "थोरलीबी होती."

त्या दिवशी पोळ्या वातड झाल्या.

माझ्या जळण्याला तेवढंच कारण नव्हतं. निलेश आणि प्रज्ञानं नुकताच मोशीला फ्लॅट घेतला होता. हायवेला लागूनच, पाचव्या मजल्यावर, मोठी गॅलरी असलेला. मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे, आणि आमची कंपनीची बस रोज त्याच रस्त्यानं जाते. म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा, मला इच्छा असो वा नसो, ती गॅलरी दिसायची. मोशीला ट्रॅफिक तुंबलेलं असतं, त्यामुळे चांगली सावकाश दिसायची. प्रज्ञा घरूनच काम करते. गॅलरीत झोका टांगलाय, त्यावर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन ती कॉफी पीत असायची. मी बसमध्ये मान वळवून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बघायचे. मग परत गॅलरीकडे बघायचे.

तर, राक्षसांचा खोका त्या आठवड्यात आमच्याकडेच राहिला, कारण मोशीला रंगकाम चाललं होतं. एके संध्याकाळी मी तो उघडला आणि सगळी पानं चाळली. तेव्हा मला ती सापडली. साखळ्या, जाळी, दलदल, भुलीचा धूर, 'आल्या वाटेनं परत'. या पानांना कुणी हातच लावला नव्हता. मी निलेशला फोन केला. तो म्हणाला, वहिनी, तो बंदोबस्ताचा कॅट. त्यात राक्षसांना मारायचं नसतं, अडवून धरायचं. तिकडे परदेशात म्हणे काही लोक त्यात एकदम मुरलेले असतात. पण मजा येत नाही, कष्ट खूप आणि नाव कुणी घेत नाही, म्हणून तो कॅट कुणी लावत नाही.

कष्ट खूप आणि नाव कुणी घेत नाही, हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझं सबंध वैवाहिक जीवन आलं. मी म्हणाले, हाच लावते.

शिवाय अडवून धरणं हे माझं कामच आहे. सुट्या भागांनी भरलेला ट्रक निघायला तयार असतो, ड्रायव्हर घाईत असतो, तिकडे गाड्या बनवणाऱ्या कारखान्याची लाइन या भागांसाठी खोळंबलेली असते, आणि मी कागद पूर्ण नसतील तर गेट उघडू देत नाही. मोठमोठे दाढीवाले ड्रायव्हर माझ्या खिडकीसमोर हात जोडून उभे असतात. त्यांच्यापुढे राक्षस म्हणजे काय?

कॅट मी बसमध्ये लावला. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत मांडीवर पर्स आणि पर्सवर पानं. भाले काढले, घोडा काढला, शेतकऱ्यांची एकजूट मोडली. मारणारं एकही पान ठेवलं नाही. साखळी आधी की जाळं आधी, दलदलीत रुतलेल्याला भूल द्यायची की भूल दिलेल्याला रुतवायचं, यावर मी जितका विचार केला तितका मुलीच्या शाळेच्या निवडीवरही केला नव्हता. शेजारी बसणारी स्टोअरमधली सुरेखा दोन दिवस गप्प बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, माझ्या भावाचं लग्न यंदा जमेल का, तेवढं बघता का. मी साखळीचं पान हातात धरून म्हणाले, जमेल. ती खूश झाली.

माझा हिशेब सोपा होता. राक्षस बांधलेले असले म्हणजे कुणाला लागणार नाही. कुणाला लागलं नाही म्हणजे सासूबाईंना प्रज्ञाला औषध पाजायची संधी नाही. आणि गाव वाचलं म्हणजे ते कुणामुळे वाचलं, हे आंधळ्यालाही दिसेल.

पुढच्या रविवारी कॅट चालला. असा चालला की निलेशच्या ढाली हातातच राहिल्या. राक्षस निघाला की साखळी. दुसरा निघाला की जाळं. तिसरा आला तो दलदलीत. थोड्याच वेळात गावाच्या वेशीबाहेर राक्षसांची अशी शिस्तीत रांग लागली की मला आमच्या गेटबाहेरचे ट्रक आठवले. ते कुणाला धक्काही लावत नव्हते. मला गहिवरून आलं.

मग प्रज्ञाची पाळी आली. तिनं तलवार काढली, आणि हातपाय बांधून रांगेत उभे असलेले माझे राक्षस एकामागून एक कापून काढले.

"अगं माय," सासूबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "काय हात हाय पोरीचा! एकबी वार फुकट जाऊ देत नाही."

मी म्हणाले, आई, ते बांधलेले होते. बांधलेल्याला मारायला काय लागतं? सासूबाई म्हणाल्या, अगं पण मारावं तर लागतंच की. निलेश म्हणाला, वहिनी, एकदम मस्त सपोर्ट होता तुमचा. 'सपोर्ट' हा शब्द मी तेव्हापासून वापरणं सोडलंय. दुकानात पाठीच्या उशीलासुद्धा मी 'टेकण' म्हणते.

म्हणजे माझ्या कॅटनं एवढंच साधलं होतं की आधी प्रज्ञाला लढून राक्षस मारावे लागत होते, आता ते मी तिला सोलून हातात देत होते.

आणि त्याच दिवशी चहा पिताना प्रज्ञा सहज म्हणाली, "आई, रंगकाम झालं. तुमची खोली तयार आहे. या ना राहायला. गॅलरीत ऊन छान येतं."

तुमची खोली. मी बशीतला चहा कपात परत ओतला.

आता इथे खरं सांगायला हवं. सासूबाई माझ्या लग्नापासून आमच्याकडेच आहेत. सासरे गेल्यापासून तर त्यांचं सगळं माझ्याच भोवती. मी पातेलं कुठं ठेवावं, दूध कधी तापवावं, खिडकी किती उघडावी, यावर त्यांचं मत असतं आणि ते त्या बोलून दाखवतात. आठ दिवस तरी कुणी यांना न्यावं, असं मी नवऱ्याला अनेकदा म्हटलेलं आहे. आणि आता कुणी न्यायला निघालं, तर तेच मला नको झालं. सासूबाई 'बघू' म्हणाल्या. ज्या 'नाही' म्हणायला कधी वेळ लावत नाहीत, त्या 'बघू' म्हणाल्या.

रात्री जेवताना संजय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, बरं झालं की, तुलाच आराम हवा होता ना. मी त्याला असं काही सुनावलं की त्यानं ताट उचललं आणि न सांगता घासून ठेवलं.

पिंपळे सौदागरला एक कॅफे आहे, तिथे कॉफीबरोबर असले खेळही खेळायला मिळतात. तिथे 'राक्षस'ची कौटुंबिक स्पर्धा असल्याचं निलेशला कळलं. चार जणांच्या कुटुंबानं एकत्र खेळायचं, आणि गाव वाचवलं तर त्या कुटुंबाचा फोटो फ्रेम करून कॅफेच्या भिंतीवर लावणार. सासूबाईंनी ताबडतोब पांढरी, निळ्या काठाची ठेवणीतली साडी बाहेर काढली. फोटोत मध्ये कोण बसणार हे त्यांनी ठरवून टाकलं. मध्ये त्या. उजवीकडे प्रज्ञा. डावीकडे मी 'किंवा निलेश, जसं बसेल तसं'.

त्या आठवड्यात मी बसमध्ये कॅट पुन्हा मोडला.

मला एक पान सापडलं होतं. पिंजरा. पिंजऱ्यातला राक्षस कुणाला हात लावू शकत नाही, आणि त्यालाही कुणी हात लावू शकत नाही, असं त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दोन फेऱ्या तो आत, मग पिंजरा आपोआप उघडतो. मधेच उघडायचा असेल तर किल्लीचं पान लागतं. मी पिंजरे भरले. जागा कमी पडली म्हणून किल्ल्या काढून टाकल्या. मी स्वतःला सांगितलं की सुरक्षेच्या दृष्टीनं हे चांगलं. पण मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस उभी असताना गॅलरीकडे बघत मी तिसरा पिंजरा आत सरकवला, तेव्हा माझ्या मनात सुरक्षा नव्हती. माझ्या मनात प्रज्ञा होती. तलवार उपसलेली, आणि समोर मारायला काहीच नसलेली.

निलेशला मी फक्त म्हणाले, थोडा बदल केलाय. तो म्हणाला, वहिनी, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.

स्पर्धेच्या दिवशी कॅफे भरला होता. आमच्या टेबलाभोवती बरीच गर्दी जमली, कारण वयस्क बाई पत्ते कशा पिसतात हे लोकांना बघायचं होतं. सासूबाईंनी गर्दीकडे पाहून पदर सारखा केला आणि औषधाचं पहिलं पान असं आपटलं की बाजूच्या मुलाची कॉफी सांडली.

सुरुवात झकास झाली. मी बांधत होते, प्रज्ञा मारत होती, निलेश ढाली लावत होता. पिंजरे मी हातातच राखून ठेवले होते. कॅफेची मालकीण, चष्मा लावलेली शांत मुलगी, आमच्याकडे बघून म्हणाली की इतका नीट बंदोबस्त तिनं फार कमी वेळा पाहिलाय. बंदोबस्त, असं ती स्वतःहून म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ सुधारले होते.

सूर्य मावळतीला आला आणि सगळ्यांत मोठा राक्षस निघाला. पान एवढं भयंकर होतं की सासूबाईंनी 'अरे बापरे' म्हणून चष्मा काढला. पण आमची तयारी होती. प्रज्ञानं सबंध खेळभर जपून ठेवलेली महातलवार तिच्या हातात होती. तिची पाळी आली, तिनं वार केला, की संपलं. तिच्या आधी फक्त माझी पाळी होती. मला काहीच करायची गरज नव्हती. हातातलं एखादं निरुपयोगी पान टाकायचं, आणि गप्प बसायचं.

तेवढ्यात सासूबाई शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगू लागल्या. "ती बघा, ती माझी धाकटी सून. आता बघा कसा उडवती त्याला. लय हुशार हाय. मी आता तिच्याकडंच राहायला जाणार हाय, मोशीला."

त्या बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि ह्या?"

"हीबी आमचीच," सासूबाई म्हणाल्या.

मी पिंजरा टाकला.

प्रज्ञाचा हात तलवारीच्या पानासकट वर उचललेला होता, तो तसाच राहिला. निलेशनं पान उचलून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मालकिणीला बोलावलं. तिनंही वाचलं, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की आता याला दोन फेऱ्या कुणालाच मारता येणार नाही, आणि सूर्याचं घर तर एकच उरलंय.

"वहिनी, किल्ली?" निलेश म्हणाला.

मी पर्समध्ये शोधल्यासारखं केलं. कॅटमध्ये शोधल्यासारखं केलं. टेबलाखालीसुद्धा पाहिलं.

"घरी राहिली," मी म्हणाले.

सूर्य मावळला. गाव बुडालं. राक्षस पिंजऱ्यात सुखरूप होता. मालकीण म्हणाली, राक्षसाच्या हातून हरलेली बरीच गावं तिनं पाहिली आहेत, पण कैदेतल्या राक्षसाकडून हरलेलं हे पहिलंच. गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली. ती माझ्यासाठी वाजलेली पहिली टाळी.

परत येताना निलेश गाडी चालवत होता, सासूबाई त्याच्या शेजारी, आम्ही दोघी जावा मागे. अर्ध्या वाटेत सासूबाईंनी समोर बघतच विचारलं, "का गं बांधलीस त्याला?"

"गावाच्या सुरक्षेसाठी," मी म्हणाले.

"गाव तर गेलं की."

निलेशनं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी गाडी थांबवली. सासूबाईंना खाली उतरायचं नव्हतं, तो त्यांचा ग्लास घेऊन गाडीत बसला. मी आणि प्रज्ञा रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मी रसाच्या फेसाकडे बघत राहिले.

"ताई, तुम्ही मुद्दाम केलंत ना?" प्रज्ञानं विचारलं.

मी म्हणाले, छे, माझं लक्ष नव्हतं, पानावरची अक्षरं बारीक होती.

"मीही केलं असतं," ती म्हणाली.

मग ती बोलत सुटली, आणि मी ग्लास तोंडाजवळ धरून ऐकत राहिले. सासूबाई मोशीला अधूनमधून दुपारी जातात, तेव्हा म्हणे तिथे सगळा वेळ माझंच पुराण चालतं. सुषमा चादरीची घडी अशी घालत नाही. सुषमाच्या हाताला चव आहे. सुषमा नोकरी करून सगळं बघते, आणि ती काय घरात बसून झोके घेत नाही. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सुषमा दवाखान्यात खुर्चीवर बसून झोपली, ही गोष्ट तर तिनं इतक्यांदा ऐकलीय की आता तिला त्या खुर्चीचा रंगही पाठ आहे. पत्त्यांत तरी तुमच्यापेक्षा वरचढ ठरावं म्हणून मी तलवारी घेतल्या, ती म्हणाली. आणि आईंना राहायला बोलावलं तेही त्याचसाठी. पंधरा दिवस राहून जातील, तर एक तरी गोष्ट माझ्या नावावर जमा होईल.

"आणि परवा फोनवर त्या नाही म्हणाल्या मला," प्रज्ञा म्हणाली. "म्हणाल्या, सुषमाला माझ्यावाचून जमायचं नाही. आज त्या बाईंसमोर मोशीचं बोलल्या ते नुसतं मिरवायला."

मला काय वाटलं ते मी इथे लिहू शकते, कारण प्रज्ञा असलं काही वाचत नाही. मला अपार आनंद झाला. एवढ्या आनंदात माणूस उदार होतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, रसाचा आणखी एक ग्लास सांगितला, आणि गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंना म्हणाले, आई, तुम्ही पंधरा दिवस मोशीला जाच. हवापालट होईल. गॅलरीत ऊन छान येतं.

सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "आधी राक्षसाला कोंडलीस, आता मला घालवायलीस," त्या म्हणाल्या. पण गेल्या. दोन पिशव्या, एक उशी आणि काढ्याचं पातेलं घेऊन गेल्या.

पहिले दोन-तीन दिवस घर शांत होतं. मी पातेली हवी तिथे ठेवली, खिडक्या सताड उघडल्या, आणि मग करायला काही उरलं नाही. संजय म्हणाला, किती निवांत वाटतंय. मी म्हणाले, तुला निवांत वाटणारच. बसमधून मी गॅलरीकडे बघायचे. सासूबाई झोक्यावर बसलेल्या दिसल्या की मी हात हलवायचे. त्या कधी खाली बघायच्या नाहीत. पण यात प्रज्ञाचा दोष नाही, असं मी स्वतःला बजावत होते. मी मोठ्या मनानं वागत होते. जेवायला काय दिलं, दुपारी झोपल्या का, हे मी दिवसातून कितीही वेळा फोन करून विचारत होते, पण मोठ्या मनानं.

आणि एका दुपारी, मी एका ट्रकवाल्याला कागदांसाठी ताटकळत ठेवलेलं असताना, प्रज्ञाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, समोरच्या फ्लॅटमध्ये मोरेकाकूंची सून आहे, सोनाली. आई जेवल्या की थेट तिच्याकडे जातात. चहाला पण येत नाहीत. काल म्हणाल्या, सून असावी तर सोनालीसारखी."

"सोनालीसारखी?" मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण ट्रकवाला दोन पावलं मागे सरकला. "काय करते ती सोनाली?"

"त्यांना पेपर वाचून दाखवते."

"एवढंच?"

"आवाज काढून, ताई. मंत्र्याचा वेगळा, विरोधकाचा वेगळा."

मी ट्रकवाल्याच्या कागदांवर न बघता सह्या केल्या, साहेबांना घरी तातडीचं काम निघाल्याचं सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि मिळेल त्या रिक्षानं मोशी गाठली. प्रज्ञानं दार उघडलं, तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं, आणि दार लावून त्याला असलेल्या भिंगातून बघायला सांगितलं. समोरचं दार उघडं होतं. आतून कुणा मंत्र्याचा घोगरा आवाज येत होता, आणि त्यावर आमच्या सासूबाईंचं हसू. माझं बघून झाल्यावर प्रज्ञानं बघितलं. मग पुन्हा मी. असं आळीपाळीनं आम्ही बराच वेळ त्या भिंगाला डोळा लावून उभ्या होतो.

निलेशला वाटतं की या खेळानं आमच्या घरात एकी आली. तसं म्हटलं तर खरंच आहे. पूर्वी मी एकटी जळायचे. आता आम्ही दोघी मिळून जळतो.